डोमाजीचा सहावा पॉइंट

"पोरगी नाकावर," डोमाजी म्हणाला.

मी बाबांच्या शेजारी बसले होते. मुद्दाम. फळी दोन माणसांची होती आणि तिच्यावर दुसरं कोणी बसू नये, एवढ्यासाठी मी चपला हातात घेऊन घाटाच्या पायऱ्या धावत उतरले होते.

"मी इथेच बसते."

"बस ना माय. मंग बोट कलंडते." डोमाजीनं वल्ह्यानं एकेकाकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "सर भारी. बाई मध्यम. तू म्हणजे कापूस. सर तिकडं, बाई सरांच्या समोर, मी मागं, तू नाकावर. माह्यं काही नाही जी, पाणी ऐकत नाही."

'बाई मध्यम' ऐकून समोरच्या बाई हसल्या. मला ते आवडलं नाही. त्यांनी रागवावं अशी माझी इच्छा होती.

मी उठून बोटीच्या टोकावर जाऊन बसले. तिथे बसायचं तर तोंड पुढे करूनच बसावं लागे. म्हणजे पुढच्या दीड तासात माझ्या पाठीमागे जे जे घडलं, त्यातलं बरंचसं मी पाहिलंच नाही. ऐकलं.

साल १९८७, ऑगस्टचा शेवटचा आठवडा, भंडारा जिल्ह्यातला पिंपळबांध तलाव. बोटीत चौघं. माझे बाबा, लक्ष्मण कापगते, वय सत्तेचाळीस, भूगोलाचे मास्तर. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली होती. निर्मला लांजेवार, वय एकेचाळीस, तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, लग्न न केलेल्या. मी, वनमाला, घरात वनू, अठरा वर्षांची. आणि डोमाजी वलथरे, ज्याची बोट होती.

हा माझ्या वडिलांचा पाहण्याचा कार्यक्रम होता.

घरी ठेवला असता तर अर्धं गाव वाटीभर साखर मागायला आलं असतं. म्हणून सगुणाआत्यानं, बाबांच्या मोठ्या बहिणीनं, तलावावरची पूर्ण बोट ठरवली. "पाण्यावर कोणी कान लावत नाही," ती म्हणाली. ती स्वतः मात्र पाण्याला इतकी भ्यायची की पोह्यांचा डबा आणि थर्मास घेऊन बांधावरच बसली. दोघांनीच बोटीत जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मला पाठवलं. निघताना माझ्या कानात तिनं सूचना दिल्या:

"मधात बोलू नको. हसू नको. तोंड पाडून बसू नको. अन् वहिनीचं नाव काढू नको."

या चारही गोष्टी मी केल्या. कोणत्या पॉइंटला कोणती, ते सांगते.

पॉइंट पहिला: बांध

घाटावर डोमाजीनं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: सात पॉइंट, दीड तास. पॉइंट क्रमानंच होत. पहिला सोडून तिसरा बघू म्हटलं तर तो वल्हं उचलून ठेवायचा.

"हा बांध पाहा जी. एका रात्रीत बांधला."

"एका रात्रीत शक्य नाही," बाबा म्हणाले.

हे वाक्य बाबा ज्या सुरात म्हणत, त्यानंतर निदान अर्धा तास कोणाची सुटका नसे. झालंच. माती किती लागली असेल, ती कुठून आणली असेल, उतार कुठल्या दिशेचा, जादा पाणी सोडणारा सांडवा तिकडेच का, पाणी जिरतं किती आणि उडतं किती. बाबा चाळीस मुलांच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, हातभर अंतरावर बसलेल्या एका बाईला बांध समजावून सांगत होते.

मी खूश झाले. असंच चालू राहिलं तर मला काही करावंच लागणार नव्हतं.

"तीन मिनिटं झाली, सर."

बाबा थांबले. मी मान वळवून पाहिलं. निर्मलाबाईंच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी मोठं घड्याळ होतं. त्यांनी ते पाहून अगदी सरळ, सरकारी आवाजात सांगितलं होतं. हसतही नव्हत्या.

"कसली तीन मिनिटं?"

"सवय आहे. ट्रंककॉलला तीन मिनिटं झाली की मध्ये बोलावं लागतं. तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"

"मग... वाढवायची का?" बाबांनी विचारलं. वर्गात त्यांना कोणी असं कधी अडवलं नव्हतं.

"बांधाचं झालं असेल तर नको. सांडव्याचं राहिलं असेल तर वाढवा."

बाबांनी थोडा विचार केला. "सांडव्याचं झालं," ते म्हणाले.

मागे डोमाजी खोकल्यासारखं करून हसला. मीही हसले, आणि लगेच स्वतःवर चिडले. आत्याची दुसरी सूचना मोडली, तीही चुकीच्या बाजूनं.

पॉइंट दुसरा: साहेबाचा दगड

"इथं इंग्रजाचा साहेब घसरला होता," डोमाजी म्हणाला. पाण्यातून एक काळा दगड वर आला होता. "टोपी सापडली. साहेब घरी गेला होता."

यावर बघण्यासारखं काही नव्हतं. बोट दगडाला वळसा घालत होती, तेवढ्यात मी कशासाठी आले होते ते सांगून टाकते.

आमच्या घरी तांदळाचं एक पत्र्याचं पिंप होतं. त्या पिंपात, तांदळाच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र होतं. इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला आहे, एकतीस ऑगस्टपर्यंत हजर व्हावे. अर्ज शाळेतल्या सरांनी भरून घेतला होता. बाबांनी सहीही केली होती, पण माझ्या कागदांवर ते न वाचताच सही करत. पत्र आलं तेव्हा ते शाळेत होते.

मी जेवढ्या आनंदानं ते वाचलं तेवढ्याच वेगानं पुरून टाकलं. कारण बारा वर्षांची होते तेव्हापासून मीच घर चालवत होते. बाबांना कर्कवृत्त कुठून जातं ते ठाऊक होतं, मीठ कुठल्या डब्यात आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांना साधा भात येत नव्हता. मी गेले तर ते पहिले आठ दिवस केळी खातील, आणि नंतर आजारी पडतील, असं मी चित्र रंगवलं होतं. आजारी पडल्याचं चित्र फार सुंदर होतं. त्यात मी पुण्याहून धावत येत होते.

तर या बोटीच्या दहा दिवस आधी मी पोस्टात गेले आणि पुण्याचा कॉल लावून घेतला. पोस्टमास्तर बाहेर सायकलची चेन बसवत होते. कॉलेजच्या कारकुनाला मी सांगितलं की मला प्रवेश नको, माझं नाव काढून टाका. फोन ठेवला, घरी आले, कुकर लावला. बाबांना काहीच बोलले नाही. आयुष्यभर बोलणार नव्हते. त्यागाची खरी मजा तीच असते असं मला वाटत होतं.

आणि दोन दिवसांनी आत्या आली. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "लक्ष्मण, एक चांगलं स्थळ आहे."

म्हणजे माझ्या त्यागाचं काय?

हे लग्न झालं तर मी कोणासाठी राहिले होते? पुणं गेलं होतं. आता स्वयंपाकघरही जाणार होतं. म्हणून हे जमू द्यायचं नाही, एवढं ठरवून मी बोटीत बसले होते.

पॉइंट तिसरा: कमळं

"ही गुलाबी. तिकडं पांढरी होती, ती यंदा नाहीत."

"बाबा घोरतात," मी पुढे पाहतच म्हटलं.

"वनू!"

"घोरता ना."

"किती?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"शेजारच्या घरी ऐकू जातं."

"मग बरं. मला रात्रपाळीला आवाजाचीच सवय आहे. शांततेत झोप येत नाही."

"बाबांना राग फार येतो."

"मला?" बाबा म्हणाले.

"नकाशाची घडी चुकली की येतो."

"नकाशाची घडी चुकीची घातली तर यायलाच पाहिजे," निर्मलाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे टेलिफोन डिरेक्टरीची पानं दुमडली तर मी दोन दिवस बोलत नाही."

"हे बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"बाबा दर रविवारी तीन तास पेपर वाचतात. मोठ्यानं."

"मला वाचत बसायला वेळ नसतो. ऐकायला आवडेल."

"बाबांना काहीच येत नाही. चहासुद्धा नाही."

"वनू, चहा येतो मला."

"साखर कुठे आहे ते मी सांगितल्यावर. आणि भात तर येतच नाही."

इथे पहिल्यांदाच लगेच उत्तर आलं नाही. वल्ह्याचं पाणी टपटपलं.

"ठाऊक आहे मला," निर्मलाबाई म्हणाल्या.

आत्यानं सांगितलं असणार, असं मला वाटलं. घरातल्या सगळ्या गोष्टी ही आत्या तालुकाभर वाटते.

डोमाजीनं एक कमळ देठासकट तोडलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "घे माय. गप बसाले काहीतरी हातात लागते."

पॉइंट चौथा: हाक

हा मला आवडत नाही. पण क्रमानं आहे, म्हणून लिहिते.

तलावाच्या त्या कोपऱ्यात तीन बाजूंना डोंगर जवळ येतात. बोट मध्ये उभी करायची आणि प्रत्येकानं हाक मारायची, डोंगर उलट हाक देतो. डोमाजीचा नियम असा की बोटीतल्या प्रत्येकानं मारलीच पाहिजे. कोणी राहिलं की तलावाला वाईट वाटतं, असं तो म्हणायचा. पंचवीस वर्षं त्यानं कलेक्टरपासून नव्या नवरीपर्यंत सगळ्यांना ओरडायला लावलं होतं.

"सर, आधी तुम्ही."

बाबांनी घसा साफ केला. "लक्ष्मण कापगते," ते म्हणाले, हजेरीला म्हणतात तसं.

डोंगरानं ऐकलंच नाही.

"पोटातून जी!"

"लक्ष्मण!" या वेळी डोंगरानं दोनदा 'मण, मण' म्हटलं. बाबा लाजले. पाठ करून बसलेल्या मलाही ते कळलं.

"बाई, आता तुम्ही."

"हॅलो!" निर्मलाबाई ओरडल्या.

"हॅलो," डोंगर म्हणाला.

"बोला, लाइन चालू आहे!"

"चालू आहे," डोंगर म्हणाला. डोमाजीनं वल्हं सोडून टाळ्या वाजवल्या आणि बाबा मोठ्यानं हसले. किती दिवसांनी हसले, ते मी मोजायला लागले, आणि मला तो आकडा आवडला नाही.

"तू, माय."

मी उठून उभी राहिले. बोट डुलली. दोन्ही हात तोंडाशी धरून मी सगळी ताकद लावून ओरडले:

"आई!"

आई, डोंगर म्हणाला. मग दुसरा डोंगर म्हणाला. तिसरा जरा उशिरा म्हणाला.

मागे बाबांचं हसणं थांबलं होतं. मला हवं होतं तसंच झालं होतं. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. माझे कान तापले होते, आणि मला तिथून पोहत जावंसं वाटत होतं, पण पोहता येत नव्हतं.

"पुन्हा मार," निर्मलाबाई म्हणाल्या.

मला कळेना.

"ती घशातून आली. आम्हाला ऐकवायला मारलीस. आता तिच्यासाठी मार. आम्ही नाही ऐकत."

मी मागे पाहिलं. त्यांनी खरंच दोन्ही तळहात कानांवर ठेवले होते. बाबांकडे पाहून मान हलवली, तसे बाबांनीही ठेवले. शेवटी डोमाजीनं वल्हं काखेत धरून स्वतःचे कान झाकले.

मी पुन्हा हाक मारली. ती कशी होती, ते लिहीत नाही.

पॉइंट पाचवा: पक्ष्यांचं झाड

पक्षी हिवाळ्यात येतात. पुढे.

पॉइंट सहावा: टापू

टापूवर एक जुनं देऊळ आहे. डोमाजी बाबांना ते दाखवायला वर घेऊन गेला. आम्ही दोघी बोटीतच थांबलो. सात मिनिटं.

हे मी शेवटी सांगते.

पॉइंट सातवा: सूर्यास्त

आम्ही सूर्यास्ताला पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते.

"इथं सूर्य बुडते," डोमाजी म्हणाला आणि रिकाम्या आभाळाकडे हात केला. "त्या दोन डोंगरांच्या मधात. लाल-लाल. पाणीबी लाल."

आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं. या सफरीत आम्हाला घरी गेलेला साहेब दाखवला होता, न उगवलेली कमळं दाखवली होती, न आलेले पक्षी दाखवले होते, आता न बुडणारा सूर्य.

"सुंदर," बाबा म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं.

मग मी वळले. बोटीच्या नाकावर मागे तोंड करून बसायला जागा नसते. मी पाय वर घेऊन, कशीबशी, गुडघे छातीशी धरून वळले. बोट कलंडली नाही.

"बाबा, मला पुण्याला जायचंय."

"कशाला?"

"इंजिनिअरिंगला. प्रवेश मिळालाय. एकतीस तारखेच्या आत पोहोचायचं आहे."

बाबा आधी माझ्याकडे, मग निर्मलाबाईंकडे, मग चुकून डोमाजीकडे पाहू लागले.

"कधी मिळाला? पत्र आलं?"

"आलं. घरी आहे."

"घरी कुठे?"

"तांदळाच्या पिंपात."

"पिंपात का ठेवलंस?"

"तिथे तुम्ही कधी बघत नाही म्हणून."

सहा वर्षांत मी बाबांना पुष्कळ टोमणे मारले होते. हा टोमणा नव्हता, नुसती माहिती होती, आणि तीच त्यांना लागली. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"एकतीस म्हणजे सोमवार," ते म्हणाले. "नागपूरहून रात्रीची गाडी. दौंडवरून. म्हणजे शनिवारी निघायला पाहिजे. मनमाडपर्यंत पठार चढत जातं, मग..." आणि बाबा पुण्यापर्यंतचा प्रदेश सांगू लागले. कुठे काळी माती, कुठे पाऊस कमी, कुठल्या नदीवरून गाडी जाते. आवाज वर्गातलाच होता, पण मध्ये मध्ये तुटत होता. माझ्याकडे न बघता ते पाण्याशी बोलत होते.

"तीन मिनिटं झाली, सर," निर्मलाबाई हळूच म्हणाल्या.

बाबा थांबले. मग त्यांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मी आता वळून बसले होते, म्हणून मला ते दिसलं.

"निर्मलाबाई, मला खरंच भात येत नाही."

"मलाही नाही येत," त्या म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षं डबा खाते. आत्याबाईंनी तुम्हाला मी सुगरण आहे म्हणून सांगितलं असेल."

"सुगरण म्हणूनच सांगितलं."

"मग?"

डोमाजीनं वल्हं पाण्याबाहेर धरलं होतं. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

"वाढवा," बाबा म्हणाले.

बांधावर आत्या छत्री हलवत होती. ती 'काय झालं' विचारत होती की 'पोहे गार झाले' सांगत होती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

पुन्हा पॉइंट सहावा

त्या सात मिनिटांबद्दल बाबांना आजही ठाऊक नाही. आज ते सत्त्याऐंशीचे आहेत, अजून मोठ्यानं पेपर वाचतात, आणि हे छापून आलं तर हेही मोठ्यानं वाचतील. निर्मलाबाईंना मी विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "लिही आता. एक्स्चेंजची इमारतसुद्धा पाडली. आता मला कोण काढतंय?"

बाबा आणि डोमाजी झाडीत दिसेनासे झाले. मी पाठ करून, तोंड पाडूनच बसले होते. कमळाच्या पाकळ्या एकेक करून पाण्यात सोडत होते.

"वनमाला लक्ष्मण कापगते," मागून आवाज आला. सरकारी. "पुण्याचा कॉल बुक केला होता तुम्ही. बोला, लाइन चालू आहे."

माझ्या हातातलं कमळ पाण्यात पडलं.

हाच आवाज होता. पोस्टातल्या काळ्या फोनमधून मला 'बोला' म्हणालेला, आणि नंतर 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का' म्हणालेला. मी 'नको, झालं माझं' म्हटलं होतं. बांधावर भेटल्यापासून मी तो ऐकत होते, पण त्याला तोंड आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही... ऐकता?"

"ऐकायचं नसतं. नियम आहे. लाइन लागली का ते बघायचं आणि बाजूला व्हायचं. तुझ्या वेळी नाही झाले बाजूला. कारकुनानं तुला तीनदा थांबायला लावलं, आणि तू तीनदा थांबलीस. ज्याला खरंच नको असतं तो एवढा थांबत नाही."

पाण्यात पडलेलं कमळ मी हातानं जवळ ओढलं.

"मग तू त्याला सांगितलंस, माझे बाबा एकटे आहेत, त्यांना साधा भातसुद्धा करता येत नाही."

"हो."

"त्यानंतर श्वास घेतलास. आणि मग म्हणालीस, मला प्रवेश नको, नाव काढून टाका."

"हो."

"तो श्वास घेतलास ना, तेव्हा मी पुण्याकडची दोरी काढली."

मला समजलं नाही. त्या पुढे झुकल्या असाव्यात, बोट जराशी हलली.

"बोर्डावर कॉल जोडायला दोन दोऱ्या असतात. एक तुझ्याकडची, एक पुण्याकडची. तुझी राहू दिली, त्याची काढली. त्या माणसाला भाताचं कळलं. पुढचं कळलंच नाही. तू जे म्हणालीस ते फक्त मी ऐकलं."

"म्हणजे माझं नाव..."

"आहे. काल मी स्वतः फोन करून विचारलं. तुझी मोठी बहीण म्हणून. आहे नाव."

मी वळायचा प्रयत्न केला, पण तेव्हा मला ते जमलं नाही. नुसती मान वळवून राहिले. त्या घड्याळाचा पट्टा सैल करत होत्या, पुन्हा घट्ट करत होत्या.

"तुम्ही असं कसं केलंत? मला न विचारता?"

"चूकच केली," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत पहिलीच. पण मीही अठराची असताना एक फोन केला होता. नर्सिंगला नंबर लागला होता माझा, नागपूरला. माझे बाबा अंथरुणाला होते. मीही असंच सांगितलं, मला नको, नाव काढून टाका." त्यांनी घड्याळ पाहिलं. "माझी लाइन फार छान होती त्या दिवशी. एकेक शब्द ऐकू गेला."

टापूवरून बाबांचा आवाज आला. देवळाचा दगड इथला नाही, असं ते डोमाजीला पटवून देत होते.

"म्हणून तुम्ही आलात? मला सांगायला?"

"सांगायचं नव्हतं. सात स्थळांना मी घरूनच नाही म्हटलंय. पण भाऊ म्हणाला, मास्तर आहेत, कापगते, एकच मुलगी. मला वाटलं, भात न येणारा माणूस दिसतो तरी कसा, बघून यावं." त्या हसल्या. "चांगला दिसतो. बोलतो फार."

"तुम्ही हो म्हणणार?"

"त्याचा तुझ्याशी संबंध नाही. मी हो म्हटलं तरी तू जायचं, नाही म्हटलं तरी जायचं. भाताचं तुझे बाबा बघतील. मोठे आहेत."

"ते तुम्हाला विचारणारच नाहीत. ते भूगोल सांगत बसतील."

"सांगू दे ना." त्यांनी मनगट वर करून मला घड्याळ दाखवलं. "वेळ मोजणं माझं काम आहे."

झाडी हलली. बाबा पुढे, त्यांच्या मागे डोमाजी, सगळं पटल्यासारखा.

शनिवारी बाबा मला सोडायला पुण्यापर्यंत आले. सोमवारी सकाळी कॉलेजच्या कचेरीत खिडकीपलीकडे एक टकले कारकून बसले होते. त्यांनी माझं पत्र हातात घेतलं. त्यातून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. त्यांनी नाव वाचलं, चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं.

"काय मास्तर," ते म्हणाले, "जमला का भात?"